रुईखेड्यातलं चूलबंद

योगेंद्र सरांचं म्हणणं असं, की शाळेला वरून फक्त खडू यावा. बाकीचं शाळा स्वतः बघून घेईल. एवढंच नाही, तर गावाचंही बघेल. सर हे इतक्या ठामपणे सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, उद्यापासून शाळाच गावाला पगार देणार आहे.

एरंडोलहून आत वळलं, डांबर संपलं आणि फुफाटा सुरू झाला की पुढं रुईखेडं. कोरडवाहू कापूस, जेमतेम ज्वारी, आणि हाताला काम नसेल तेव्हा सावद्याकडे केळीच्या गाड्या भरायला जायचं, असं गावाचं चालतं. शाळा चौथीपर्यंत. पट असा की हजेरी घेऊन होते आणि सरांचा चष्मा पुसायचा राहूनच जातो. सर मूळचे नाशिकचे, कॉलनीत वाढलेले. बिऱ्हाड एरंडोलला, येणंजाणं मोटारसायकलवर.

पण माणूस हिकमती. दीड वर्षात त्यांनी शाळेच्या बोअरचं पाणी गावाला मोकळं केलं. व्हरांड्यात दुपारी बायकांचं शिवणकाम बसवलं. मागच्या पडीक जागेत परसबाग केली, आणि तिथं भरिताची हिरवी वांगी अशी लगडली की पोरं अभ्यास सोडून वांग्यांकडे बघत बसायची. आधी गाव शाळेत यायचं ते फार तर मतदानाला. आता पाणी भरायला, मोबाइल चार्ज करायला, झालंच तर आपसात भांडायलाही लोक शाळेतच यायला लागले. सरांना त्या भांडणांचंसुद्धा कौतुक.

आणि नेमकं तेव्हाच तालुक्याहून कळलं, की पट कमी असल्यामुळे ही शाळा नाल्यापलीकडच्या मोठ्या शाळेत मिळवायचा विचार आहे. नाला पावसाळ्यात कसा असतो ते गावाला ठाऊक होतं. पोरगे कसेबसे गेले असते. पोरींची दप्तरं मात्र खुंटीला लागली असती, हे सांगायला कुठल्या ज्योतिषाची गरज नव्हती. विस्तार अधिकारी मेघा मॅडम गुरुवारी येऊन बघणार होत्या. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "सर, गाव शाळेच्या मागं उभं आहे की नुसतं शेजारी राहतं, तेवढं मला बघायचंय."

सरांना झोप येईना. दाखवायला काहीतरी मोठं हवं. मोठं म्हणजे गोबरगॅस.

शाळेची खिचडी दगडीबाई पत्र्याच्या शेडमध्ये चुलीवर करायच्या. वारा फिरला की धूर सरळ वर्गात, आणि दोनाचा पाढा खोकल्याच्या तालावर. सरांनी कुठून कुठून मदत मिळवून शाळेमागं टाकी बांधून घेतली. गावानं शेण द्यायचं, शाळेनं गॅस करायचा, उरलेली मळी परत गावाच्या शेतात. कोणाचंच नुकसान नाही. योजना इतकी चोख होती की तिच्यात फक्त शेणाचीच कमतरता होती.

कारण शेण कोण देतो? गोवऱ्या त्याच्याच, सारवण त्याचंच, खत त्याचंच. सर टोपली घेऊन दारोदार फिरले. तानुबाई, म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई, तिनं चहाच्या बशीत मावेल एवढं शेण आणून टोपलीत टाकलं आणि वर म्हणाली, "आते पुढला सालले."

तरी मागून, विनवून, प्रसंगी उचलून सरांनी टाकी अर्धीमुर्धी भरली. आणि एके दिवशी शेगडीवर निळी ज्योत लागली. सरांनी त्याच क्षणी ठरवलं, की गुरुवारी मॅडमच्या साक्षीनं शाळेची चूल कायमची बंद करायची. सोहळाच करायचा.

आता सोहळ्याला नाव पाहिजे. दारूबंदी असते, प्लास्टिकबंदी असते, तसं काहीतरी सुटसुटीत. सरांना नाव सुचलं आणि ते स्वतःवरच खूश झाले. पारावरच्या फळ्यावर त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं: "गुरुवारी सकाळी शाळेत चूलबंद. समस्त ग्रामस्थांनी सहकुटुंब यावे. – मुख्याध्यापक."

लिहून खडू झटकला आणि गाडीला किक मारणार, तेवढ्यात भिकन आबा आले. आबा शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. पुढचे दात गेलेले, पण मान मोठा. त्यांनी फळा एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"सर, बठ्ठा गावले?"

"हो आबा, सगळ्या गावाला."

"चूलबंद?"

"चूलबंद. एकही घर सुटता कामा नये."

आबांचा आवाज जड झाला. "सर, सरपंचनी बी कधी कयं नही इतलं. झेपी ना तुमले?"

"न झेपायला काय झालं? शेण जमलंय की."

आबांनी थोडा विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. "हां, शेण. मंग बट्टीच."

आबांना पुढचे दात नसल्यामुळे सरांना ते 'बत्ती' ऐकू आलं. "बत्तीच म्हणा ना, आबा. आधी एक लहान लावून बघू."

"ल्हान नका करा. मोठीच करा. ल्हान करी तं करपी जास."

सरांनी तांत्रिक सूचना म्हणून मान डोलावली आणि ते एरंडोलला निघून गेले.

आता इथं जरा थांबावं लागेल. खानदेशात आवतनाच्या पायऱ्या असतात. घरटी एक माणूस, ही खालची पायरी. जोडप्यानं या, ही मधली. आणि सगळ्यात वरची म्हणजे चूलबंद. चूलबंद सांगितलं, की त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. पाळण्यातल्या लेकरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत, आलेल्या पाहुण्यासकट, सगळ्यांनी यजमानाच्या दारी जेवायचं. घरी चहा केला तरी यजमानाचा अपमान. आणि शेणाचा विषय निघाला म्हणजे तर बोलायलाच नको. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या बट्ट्या, वर तुपाची धार, बाजूला वरण आणि वांग्याची भाजी. वांगी तर शाळेत डोळ्यांदेखत लगडलेली. सर शेण कशाला मागत फिरत होते, याचा गावाला आता कुठं उलगडा झाला.

तानुबाईला तर बशीभर शेणाची अशी लाज वाटली की ती त्या संध्याकाळी आणखी टोपलीभर गुपचूप शाळेच्या दाराशी ठेवून आली.

बुधवारी गावात लगबग उडाली. केळीच्या कामावर जाणाऱ्यांनी मुकादमाला खाडा सांगितला. जवळपास दिलेल्या लेकींना निरोप गेले. भिकन आबांनी अध्यक्षपदाला शोभेल असं केलं: थेट व्याह्यालाच बोलावून घेतलं. "आमनी शाळानं चूलबंद शे," असं त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा, म्हणे, त्यांची छाती बंडीत मावत नव्हती.

दगडीबाई तेवढ्या रुसल्या. सरांनी त्यांना आधीच बजावलं होतं, "गुरुवारी तुम्ही चुलीला हात लावायचा नाही. नवी साडी नेसायची आणि मॅडमच्या शेजारी बसायचं." दगडीबाईंनी फळा वाचला आणि ताडलं, की सरांनी जळगावहून आचारी आणलाय. इतकी वर्षं खिचडी घातली, आणि पंगत उठवायची वेळ आली तेव्हा आचारी परका. त्यांनी नवी साडी नेसली खरी, पण रागानं.

गुरुवारी सर सकाळी गावात शिरले तर शाळेचं मैदान भरलेलं. माणसं, बाया, लेकरं, खाटेसकट आणलेले दोन म्हातारे. अशी हजेरी सरांनी स्वप्नातही घेतली नव्हती. प्रत्येकाच्या हातात ताट आणि तांब्या. मेघा मॅडम जीपमधून उतरल्या तसे सर धावत पुढं गेले.

"मॅडम, हे बघा. कोणाला दोनदा सांगावं लागलं नाही."

"ताटं कशाला आणलीत?"

"स्वागताला वाजवणार असतील," सर म्हणाले. त्यांचं लक्ष आता गावाच्या छपरांकडे गेलं होतं. थंडीतली सकाळ, आणि एकाही घरातून धुराची रेघ नाही. सरांनी फक्त शाळेची चूल बंद करायची ठरवली होती. गावानं तर एक पाऊल पुढं टाकलं होतं. "मॅडम, ते वर बघा. शाळेला पाठिंबा म्हणून गावानं स्वतःहून घरच्या चुली बंद ठेवल्यात. याला म्हणतात लोकसहभाग."

मॅडमचं माहेर धुळ्याकडचं. त्यांनी छपरं पाहिली, ताटं पाहिली, आणि सरांकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं.

मैदानात लोक आपोआप ओळीनं बसले. सरांना वाटलं, शिस्त. मागं कापडी फलक होता, "धूरमुक्त शाळा, स्वावलंबी शाळा". सरांनी माइक हातात घेतला. "घरोघरी मातीच्या चुली असं आपण म्हणतो, पण..." इथून जे सुरू झालं ते सूर्य डोक्यावर यायला लागला तरी थांबेना. गावानं सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नव्हता. लेकरं कुरकुरायला लागली. पहिल्या ओळीतून तानुबाईचा आवाज आला, "आधी जेवन का आधी भाषन?"

लोक हसले. सरही हसले. म्हातारी विनोदी आहे, असं त्यांनी मॅडमना सांगितलं.

मग मुख्य कार्यक्रम. सरांनी शेगडी टेबलावर मांडली, नळी जोडली, काडी ओढली. निळी ज्योत लागली. देवघरातल्या निरांजनापेक्षा थोडी मोठी. सरांनी तिच्यावर चहाचं पातेलं ठेवलं आणि टाळ्यांची वाट पाहत उभे राहिले. टाळी एकच वाजली, ती आबांच्या व्याह्यांची, तीही सवयीनं.

"येवढावर बठ्ठा गावनं?" तानुबाईनं विचारलं.

पातेलं जरा गुणगुणलं. मग ज्योतीनं एक उसासा टाकला आणि ती विझली. टाकी अर्धीमुर्धी होती, तिचा तरी काय दोष.

आता भिकन आबा उठले. व्याही बघत होते, म्हणून ते अगदी सावकाश, सहज चालल्यासारखे सरांजवळ आले आणि कानाशी लागले.

"सर, बट्ट्या कोठे शेत?"

"बत्ती विझली आबा. पुन्हा लावतो."

"बत्ती नही, सर. बट्ट्या. वरन-बट्टी."

"कसली वरण-बट्टी?"

आबांनी सरांकडे असं पाहिलं, जसं रोजच्या वाटेवर अचानक विहीर दिसावी. "तुमीच त लिखं. चूलबंद. बठ्ठं गाव सकायपासून उपाशी शे, सर. मन्हा व्याही उना शे."

सरांच्या हातात माइक होता आणि तो चालू होता. त्यामुळे आबा कानाशी लागून बोलले तरी ते सगळ्या मैदानानं ऐकलं. व्याह्यांनीही.

"अहो आबा, चूलबंद म्हणजे शाळेची चूल बंद. ही, पत्र्याखालची. तुमच्या घरच्या नाहीत."

मागं कोणीतरी बहिऱ्या म्हाताऱ्याच्या कानात ओरडून सांगितलं, "जेवन नही शे, बाबा," आणि ते गावभर ऐकू गेलं. दगडीबाईंनी नव्या साडीचा पदर तोंडाला लावला. आचारी नाही हे कळून त्यांना बरं वाटलं होतं, आणि ते दिसू द्यायचं नव्हतं.

मेघा मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, तुम्ही फळ्यावर खरंच 'चूलबंद' लिहिलंत?"

"हो."

"आणि मला सांगितलंत, गावानं पाठिंबा म्हणून चुली बंद ठेवल्या."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि सरांनी तर दोन्ही हात दाखवले होते. शाळा गेली, एवढंच त्यांना कळत होतं. ज्या गावाला शाळेनं जेवायला बोलावून उपाशी ठेवलं, ते शाळेच्या मागं कशाला उभं राहील? त्यांनी माइक तोंडाशी धरला आणि त्यांना खरोखर रडू येत होतं. "माझं चुकलं. मला शब्द माहीत नव्हता. तुम्ही घरी जाऊन जेवा."

कोणीच उठलं नाही.

तानुबाई ताट बडवून उभी राहिली. "घर जाईसन काय खावानं? आवतन लिधं शे. आज घरना चुल्हा पेटाडता येवाव नही." आणि मग बायकांकडे वळून, "आते पेटी तं आठेच पेटी."

शब्द शब्द असतो. घरी चूल पेटवली असती तर यजमानाची अब्रू गेली असती, आणि यजमान म्हणजे शाळा. सर परके असतील. शाळा गावाची होती. आबांचा व्याही समोर असताना तर गावाला दुसरा रस्ताच नव्हता.

मग जे झालं ते सर भिंतीला टेकून नुसतं बघत राहिले. कुंपणासाठी आणलेल्या विटा बायकांनी उचलल्या आणि मैदानभर चुली मांडल्या. घराघरातून पीठ आलं, उडीद-ज्वारीच्या कळण्याचं आणि नुसत्या ज्वारीचं, तेल आलं, शेंगदाणे, लसूण, हिरव्या मिरच्या आल्या. पुरुष परसबागेत शिरले आणि मॅडमना दाखवायला म्हणून सरांनी जपलेलं, एकेकाला नाव देऊन ठेवलेलं प्रत्येक वांगं त्यांनी तोडून बाहेर आणलं.

"गोवऱ्या आना रे," कोणीतरी म्हणालं.

"कोठून आनू?" दगडीबाई कडाडल्या. "बठ्ठं शेण तं सरनी टाकीमा घालं." आणि त्याच क्षणी त्यांनी पदर खोचला आणि सगळ्या चुलींचा कारभार हातात घेतला.

घरोघरच्या चार-दोन गोवऱ्या अख्ख्या गावाला पुरणाऱ्या नव्हत्या, म्हणून बट्टी बारगळली. पण कपाशीच्या वाळल्या काड्या बांधोबांध पडलेल्या होत्या, आणि भरिताच्या वांग्याला तर त्याच लागतात. काड्यांचे ढीग भडकले. वांगी काळी पडली, फुटली, सुस्कारे टाकायला लागली. बायका ती सोलून, ठेचून, मिरची-लसणात घोळवायला लागल्या. चुलीचुलीवर भाकऱ्या फुगल्या. चूल बंद करायच्या मुहूर्तावर रुईखेड्याच्या शाळेत इतक्या चुली पेटल्या की तेवढ्या गावातल्या लग्नातही पेटल्या नसतील. "धूरमुक्त शाळा" हा फलक आधी पिवळा, मग तपकिरी झाला, आणि शेवटी त्यावरचं फक्त "शाळा" एवढंच वाचता येत होतं.

मॅडम पंगतीत मांडी घालून बसल्या. भरिताचा पहिला घास घेतला आणि लगेच दुसरा घेतला. सर वाढायला उभे होते.

"मॅडम, मग शाळेचं..."

"सर, तुमचा गॅस चहासुद्धा करत नाही."

"हो."

"परसबाग बघायला आले होते, तर ती माझ्या ताटात आहे."

"हो."

"आणि चूल तर काही बंद झाली नाही." त्यांनी आणखी एक भाकरी घेतली. "पण आता शाळा बंद करायची म्हटलं तर हे लोक माझं भरीत करतील. वर काय सांगायचं ते मी सांगते. मिरची जरा आणा इकडे."

सरांनी मिरची आणायला म्हणून तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. धूर होता, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

जेवणं झाली. व्याह्यांनी आबांना सांगितलं, की असं भरीत आमच्याकडे कधी झालं नाही. आबांची खाली गेलेली मान परत जागेवर आली, आणि मान जागेवर आल्याबरोबर ते बोलले, "सर, भरीत झकास. पन बट्टी राहिनी."

"राहिनी," सगळं मैदान म्हणालं.

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी हात धुतले आणि म्हणाल्या, "मग होऊन जाऊ द्या. अख्ख्या गावाची वरण-बट्टी, आणि ती गोबरगॅसवर. मी त्या दिवशी परत येते आणि शेवटचा शेरा त्याच दिवशी देते. तोवर शाळा आहे तिथंच राहील."

"पण मॅडम, तेवढ्या गॅसला टाकी काठोकाठ लागेल," सर म्हणाले. "शेण हवं."

"शेणनी काय कमी?" तानुबाई म्हणाली, आणि तिनं बशीचा विषय निघायच्या आत ताट-तांब्या उचलला.

तेव्हापासून उजाडलं रे उजाडलं की शाळेच्या मागं टोपल्यांची रांग लागते. न मागता, न विनवता. टाकी भरते, निळी ज्योत आता हातभर उठते. दगडीबाई तिच्यावर खिचडी करतात, अंगणवाडीचं दूध तापवतात, व्हरांड्यात शिवणाऱ्या बायकांना चहा देतात. मळी शेतात जाते. कपाशी बरी आहे म्हणतात. वर्गात आता कोणी खोकत नाही.

फक्त बट्ट्या तेवढ्या अजून झालेल्या नाहीत, त्यामुळे मॅडमचा शेवटचा शेराही अजून पडायचाच आहे. तानुबाई रोज टोपली रिकामी करते आणि विचारते, "सर, बट्ट्या कव्हय?"

"शेण जरा कमी पडतंय, आजी."

तानुबाई काठापर्यंत भरलेल्या टाकीत डोकावते. मग शाळेच्या दाराकडे बघते. तिथं पोरी चपला काढून आत जात असतात.

"तुमी म्हनतस तं कमीच व्हई," ती म्हणते, टोपली डोक्यावर उलटी घालते आणि घरी जाते, चूल पेटवायला.